चिंचोक्याची पट्टी

जरीपटक्याच्या भाजीबाजारात जयवंता सुखदेवे वांगी निवडत असली, की कधीमधी असं व्हायचं. समोरून आईचं बोट धरून येणारं एखादं लेकरू तिला पाहायचं आणि पटकन आईच्या पदरामागे दडायचं. आई कसनुसं हसून म्हणायची, "सिस्टर, मागच्या साली तुमच्याच वार्डात होता ना." जयवंता पण हसायची. पण मग तिचं भाजीतलं लक्ष उडायचं, आणि घरी आल्यावर सासूबाई पिशवी उलटी करून म्हणायच्या, "अवं, अर्धी किडकी आणली तू."

जयवंता सरकारी दवाखान्यात नर्स होती. घरातल्या सगळ्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्याच्या पुढच्याच वर्षी बापाने तिला नर्सिंगच्या शाळेत घातलं होतं. भावकीतली ती पहिली नोकरदार बाई. पांढऱ्या साडीत ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा बाप कितीतरी वेळ नुसता पाहत उभा राहिला होता. तिला हौस होती लहान मुलांच्या वार्डाची. नेमणूक झाली जळीत वार्डात, आणि तिचा हात हलका आहे असं डॉक्टरांच्या ध्यानात आल्यावर तिथून तिला कोणी हलवलंच नाही.

हात कितीही हलका असला, तरी जळालेल्या जखमेचं ड्रेसिंग म्हणजे ड्रेसिंगच. जखमेवर लावलेली जाळीची पट्टी दुसऱ्या दिवशीपर्यंत वाळून चिकटलेली असायची. खाली व्हॅसलीन लावलं तरी नागपूरच्या उन्हाळ्यात ते कुठल्या कुठे वितळून जायचं. मग सलाईनच्या पाण्याने भिजवा, कड सोडवा, पुन्हा भिजवा. एवढं करूनही पट्टी निघताना खालची नुकती आलेली कोवळी कातडी सोबत निघायचीच. सकाळी ट्रॉलीच्या चाकांचा आवाज व्हरांड्यात आला, की आत आधीच रडारड सुरू व्हायची. जयवंताला तिच्या पाठीमागे वार्डात 'सोलनारी बाई' म्हणत. तिला ते ठाऊक होतं. ती कोणाला बोलली नाही कधी, नवऱ्यालासुद्धा नाही.

नवरा रुपराव गिरणीत होता. सायकलवर फिरणारा, बोलघेवडा, गल्लीतल्या प्रत्येक लग्नात बोलावलेला आणि न बोलावलेल्या लग्नातही जाऊन वाढपी होणारा माणूस. तो घरात आला की घर हसायला लागायचं. त्यामुळे जयवंता दवाखाना दवाखान्यातच ठेवून घरी यायची.

सत्त्याहत्तर सालच्या उन्हाळ्याच्या तोंडाशी, वार्डाचे मोठे डॉक्टर पांढरीपांडे एका मुलीला घेऊन आले. कॉटनची साधी साडी, दोन वेण्या, हातात घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा.

"सिस्टर, ही प्रेमलता हेडाऊ," डॉक्टर म्हणाले. "औषधनिर्माणशास्त्रात संशोधन करते. हिचं काम एकदा बघा. पटलं नाही तर तसं स्पष्ट सांगा." आणि ते राउंडला निघून गेले.

प्रेमलताने टेबलावर डबा उघडला. आत पाण्यात एक पातळ, लवचिक चकती तरंगत होती. तांदळाच्या निवळीचा रंग, आणि आरपार डब्याचा तळ दिसत होता. जयवंताने बोट लावलं. गार लागलं.

"काय होय हे?"

"चिंचोके," प्रेमलता म्हणाली.

जयवंताने तिच्याकडे पाहिलं. थट्टा चालली आहे असं काही दिसलं नाही.

"खरंच सांगून राहिली मी, सिस्टर. आमच्या घरी हातमाग आहे ना, नाईक तलावाजवळ. चिंचोके भाजायचे, टरफल काढायचं, पीठ करून शिजवायचं. त्याची खळ सुताले लावतात. तीच खळ होय ही. फक्त साधी खळ पाण्यात विरघळते, ही विरघळत नाही."

"काहून?"

या एका शब्दाने प्रेमलता खुलली. स्टूल ओढून ती बसलीच. चिंचोक्याच्या पिठात साखरेच्या कणांच्या लांबच लांब साखळ्या असतात, ती सांगू लागली. पाण्यात टाकल्या की त्या सुट्या होतात, पसरतात आणि निघून जातात. पण त्यांच्यात जागोजागी गाठी मारल्या तर? मग त्यांचं जाळं होतं. कोळ्याच्या जाळ्यासारखं. जाळ्यात पाणी शिरतं, भरपूर शिरतं, जाळं फुगतं, पण धागे सुटून जाऊ शकत नाहीत. गाठी मारायला एक रसायन लागतं. ते रसायन जहाल असतं, म्हणून गाठी बसल्यावर चकती पुन्हा पुन्हा पाणी बदलून धुवावी लागते, त्याचा अंशही राहता कामा नये.

"माझे बाबा म्हणतात," ती हसत म्हणाली, "मी जन्मभर खळ धुतली का निघून जावी म्हणून धडपडलो, अन् माही पोरगी ती निघू नये म्हणून शिकून राहिली."

जयवंताला मुलगी आवडली. चकती आवडली नाही.

"पण हे तं ओलं हाय."

"ओलंच ठेवायचं आहे."

"जखमेवर ओलं? मले शिकवलं ते जखम कोरडी ठेवा म्हणून. ओल राहिली का पू होते."

"मलेही आधी तसंच वाटे. पण आता वेगळं दिसून राहिलं. खाली ओल असली, तर बाजूची कातडी सरकत सरकत जखम लवकर झाकते. कोरड्या खपलीखालून तिले वाट काढावी लागते. अन् ही चिकटत नाही, सिस्टर. पू-पाणी पिऊन घेते, पण चिकटत नाही."

"चिकटत नाही?" जयवंताने पुन्हा विचारलं. वार्डात इतक्या वर्षांत तिने चिकटत नाही असं काही पाहिलं नव्हतं.

मग जयवंताच म्हणाली, "आधी माह्या हातावर लाव."

प्रेमलताने तिच्या कोपराखाली एक तुकडा ठेवला, वर पट्टी बांधली. खाज सुटते का, लाली येते का, ते पाहायचं होतं. दुसरा एक तुकडा राखीव म्हणून पाण्यात घालून डब्यात दिला.

दुपारपर्यंत हातावरचा तुकडा कडक झाला. वार्डातले पंखे गरम वारा फेकत होते, आणि त्या वाऱ्यात चकतीतलं पाणी उडून गेलं होतं. पट्टी सोडली तेव्हा जयवंताच्या हातावर कडा वळलेला पापड निघाला. तिने तो प्रेमलतापुढे धरला.

"तेल तापवू का?"

प्रेमलताचा चेहरा उतरला. मग तिने पापड हातात घेऊन वाकवला, मोडला, आणि काहीतरी पुटपुटत निघून गेली. प्रयोगशाळेतल्या सावलीत टिकणारी चकती नागपूरच्या उन्हाळ्यात टिकेल का, याचा तिने विचारच केला नव्हता. दोन दिवसांनी ती परत आली, ते वरून झाकायला मेणकापडाची पट्टी आणि भिजवलेल्या पट्टीचा एक थर घेऊन. या वेळी तुकडा संध्याकाळीही ओला होता, आणि जयवंताच्या कातडीवर साधी लालीसुद्धा नव्हती.

पण राखीव तुकड्याचं वेगळंच झालं.

तो डबा जयवंताने घरी नेऊन माठाशेजारी, गारव्याला ठेवला होता. घरात कुरडयांचे दिवस होते. सासूबाई कांताबाई सकाळपासून गव्हाचा चीक काढण्यात गुंतल्या होत्या. त्यांनी डबा उघडला, आणि कोणी तरी शेजारणीने वाटीभर चीक पाठवला असावा, तो बसून घट्ट झाला असावा, असं त्यांनी धरलं. पाणी उकळलं, मीठ टाकलं, आणि चकती पातेल्यात सोडली.

जयवंता ड्युटीवरून आली तेव्हा कांताबाई चुलीपुढे घामाघूम होऊन बसल्या होत्या, आणि रुपराव दारात बसून हसून हसून डोळे पुसत होता.

"कोन्या गव्हाचा चीक होय हा?" कांताबाई कडाडल्या. "कवाची शिजवून राहिली मी. विरघळत नाही, घोटत नाही. कलथ्यानं दाबलं तं पुन्हा वर येऊन पाहते माह्याकडे."

"मी म्हनलं, माय, त्याले आता नाव ठेव अन् पाळ," रुपराव म्हणाला.

जयवंताने पातेल्यात डोकावून पाहिलं. खळखळत्या पाण्यात चकती शांतपणे गिरक्या घेत होती. फाटली नव्हती, वितळली नव्हती. तिने चिमट्याने बाहेर काढली, गार पाण्यात सोडली. होती तशीच.

"बाई, तुम्ही लय मोठं काम केलं," ती सासूला म्हणाली.

"मस्करी नको करू."

"नाही ना, खरंच."

दुसऱ्या दिवशी प्रेमलताला हे कळलं, तेव्हा ती आधी इतकी हसली की तिला ठसका लागला. मग म्हणाली, "सिस्टर, मी याच काळजीत होती. गाठी पक्क्या असतील तर उकळल्यावर टिकायलाच पाहिजे. पण एवढी पातळ चकती फाटेल म्हणून मी अजून घातलीच नव्हती ऑटोक्लेव्हमध्ये." त्याच आठवड्यात तिने चकत्या दाबाच्या वाफेत घालून निर्जंतुक करून पाहिल्या. एकही फाटली नाही. कांताबाईंसाठी तिने गांधीबागेतून निळ्या काठाची नऊवारी आणली. कांताबाई ती नेसून गल्लीभर फिरल्या, आणि कोणी विचारलं की सांगायच्या, "कालेजातून भेटली."

पुढचं काम खरं होतं. डॉक्टर पांढरीपांडे म्हणाले, एकाच माणसाच्या जखमेवर अर्ध्या भागात नेहमीची पट्टी आणि अर्ध्या भागात ही, म्हणजे फरक समोरच दिसेल. माणूस तयार हवा, त्याला सगळं समजावून सांगितलेलं हवं.

वार्डात तेव्हा लहानू होता. जरीपटक्याला त्याचा तर्री-पोह्यांचा ठेला. धिप्पाड माणूस, मिशा अशा की लिंबू ठेवावं. तर्रीच्या उकळत्या रश्शाचं पातेलं कलंडून त्याचा उजवा हात मनगटापासून कोपरापर्यंत भाजला होता. हा लहानू ड्रेसिंगला इतका भ्यायचा, की ट्रॉलीचा आवाज ऐकून संडासात जाऊन कडी लावून घ्यायचा. बाहेरून जयवंताने समजूत काढायची, आतून त्याने "आज बरं हाय बाई, उद्या करू" म्हणायचं, असा रोजचा कार्यक्रम होता.

जयवंताने त्याला सगळं सांगितलं. चिंचोक्याचं आहे, नवं आहे, उपयोग होईल की नाही ते अजून माहीत नाही, नको असेल तर नको म्हण.

"दुखन का?"

"मले माहीत नाही, लहानू. ही म्हणते नाही दुखणार."

लहानूने प्रेमलताकडे पाहिलं. "पोरगी खोटं बोलणारी दिसत नाही," तो म्हणाला. "लावा."

कोपराकडच्या अर्ध्या भागावर नेहमीची जाळी, मनगटाकडच्या अर्ध्या भागावर चकती. दुसऱ्या दिवशी मनगटाकडची जखम उघडायचीच गरज पडली नाही. वरची ओली पट्टी बाजूला केली की चकतीतून आतली जखम दिसत होती. जयवंता वाकून पाहत राहिली. जखम न उघडता जखम पाहायची, ही गोष्टच तिला नवी होती. पू नव्हता. ती मनातल्या मनात पू शोधत होती, कारण तिच्या शिक्षणाप्रमाणे तो असायला हवा होता.

चकती बदलायच्या दिवशी डॉक्टर आले, प्रेमलता आली, शेजारच्या खाटांवरचे उठून बसले. आधी कोपराकडची जाळी काढली. लहानूने टॉवेल दातात धरला होता. तरी त्याचा आवाज व्हरांड्यापर्यंत गेला. मग त्याने डोळे घट्ट मिटले, मान भिंतीकडे फिरवली आणि मनगट पुढे केलं.

जयवंताने चकतीची कड चिमट्यात धरली. जोर लावायला म्हणून तिचा हात सवयीने आवळला गेला होता. पण जोर लागलाच नाही. पाण्यावरचं पान उचलावं तशी चकती वर आली. खाली ओली, गुलाबी, सबंध जखम. कडेने नव्या कातडीची पांढुरकी किनार आत सरकलेली. रक्ताचा थेंब नाही.

ती चकती चिमट्यात धरून तशीच उभी राहिली.

"करा ना बाई सुरू," लहानू टॉवेलमधून म्हणाला.

"झालं," जयवंता म्हणाली.

"काय झालं?"

"काढली."

लहानूने एक डोळा उघडला. आधी हाताकडे पाहिलं, मग चिमट्याकडे, मग जयवंताकडे. मग त्याने तोंडातला टॉवेल काढला आणि रागावून म्हणाला, "तं मंग वरच्या अर्ध्याले काहून नाही लावली?"

सगळा वार्ड हसला. डॉक्टर पांढरीपांडे कधी हसत नसत, तेही खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. जयवंता प्रेमलताला म्हणाली, "मी चुकली वं. ओलंच बरं हाय." आयुष्यात चूक कबूल करताना इतका आनंद होतो, हे तिला तोवर माहीत नव्हतं.

यथावकाश लहानू बरा होऊन घरी गेला, आणि पहिल्याच रविवारी पातेलंभर पोहे आणि वेगळ्या डब्यात तर्री घेऊन वार्डात हजर झाला. तर्री पेशंटना देता येत नाही म्हटल्यावर ती सगळी नर्सेसनी संपवली.

मग चकत्या वाढल्या. प्रेमलता दर आठवड्याला डबे भरून आणायची. चिंचोके कमी पडायला लागले, तर रुपरावने गिरणीत, गल्लीत, लग्नांच्या पंगतीत सगळीकडे सांगून ठेवलं, "चिंच खाऊन बी फेकू नका, मले द्या." सायकलच्या हँडलला पिशव्या लटकवून तो प्रयोगशाळेच्या दारात चिंचोके ओतायचा. सगळंच काही जमायचं नाही. फार खोल जखमांना ती पट्टी पुरत नसे, एकदोघांच्या जखमेत पू झालाच, आणि प्रत्येक वेळी प्रेमलता वहीत डोकं घालून बसायची. पण वरवर भाजलेल्यांसाठी, चहाने, दुधाने, तेलाने पोळलेल्यांसाठी, ती पट्टी वार्डाला हवीहवीशी झाली.

त्या पावसाळ्यात गोपिका नावाची चारेक वर्षांची पोर आली. चुलीवरचं गरम पाणी पाठीवर सांडलं होतं. तिच्या आईला जयवंताबद्दल आधीच कोणी तरी सांगून ठेवलं असावं, कारण जयवंता दिसताच तीच आधी रडायला लागली. पहिल्या दिवशी पोर किंचाळली, नुसत्या भीतीनेच. चकती पाठीवर ठेवल्यावर मात्र ती गप्प झाली.

"थंड हाय," ती म्हणाली.

त्यानंतर पट्टी बदलायच्या दिवशी जयवंता ट्रॉली घेऊन गेली, तेव्हा गोपिका आईच्या मांडीवर पालथी पडून पेंगत होती. उठवू नको, असं जयवंताने खुणेने आईला सांगितलं. वरची ओली पट्टी सोडली, चकतीची कड उचलली, चकती काढली. पाण्याने हलकेच पुसलं. नवी चकती ठेवली, पट्टी गुंडाळली. पोरीचा श्वास एका लयीत चालला होता. मध्ये एकदा तिने झोपेत तोंड चाळवलं, बस्स.

आईने जयवंताकडे पाहिलं.

जयवंताने ट्रॉली व्हरांड्यात आणली, भिंतीला टेकून उभी राहिली आणि रडली. हसतही होती. शेजारच्या वार्डातली यमुताई आया धावत आली, "काय झालं वं सिस्टर, पोरगी गेली का?"

"झोपली," जयवंता म्हणाली. "माह्या हाताखाली लेकरू झोपलं, यमुताई."

यमुताईने पदराने तिचं तोंड पुसलं, आणि कॅन्टीनमधून दोन कप चहा मागवला.

चिंचोक्याच्या पट्टीचा कारखाना काही निघाला नाही. एक-दोन कंपन्यांची माणसं येऊन पाहून गेली. ओली वस्तू साठवायची कशी, पाठवायची कशी, या प्रश्नांपाशी ती थांबली. प्रेमलताला डॉक्टरेट मिळाली आणि ती नागपुरातच एका कॉलेजात शिकवू लागली. तिचे विद्यार्थी दरवर्षी चकत्या करत, कधी चिंचोक्याच्या, कधी गवारीच्या डिंकाच्या, आणि त्या वार्डात येत राहिल्या. मोठ्या प्रमाणात नाही, पण येत राहिल्या. जयवंताला तेवढंही पुष्कळ वाटायचं.

ब्याऐंशी साली प्रेमलताने तिला कॉलेजात बोलावलं. "मुलांना दहा मिनिटं सांगा, सिस्टर. ते फक्त काचेच्या भांड्यातली चकती पाहतात. ती माणसावर कशी लागते ते त्यांना माहीत नाही."

जयवंताने आठवडाभर धास्ती घेतली. रुपरावपुढे आरशात पाहून भाषण केलं, ते शुद्ध मराठीत, आणि रुपराव गंभीर तोंड करून ऐकत राहिला. "चांगलं हाय," तो शेवटी म्हणाला, "पन बोलून कोन राहिलं ते समजलं नाही."

वर्गात पोचल्यावर ते भाषण ती विसरली. समोर पन्नासेक मुलंमुली, टेबलावर डबा. तिने डबा उघडला, चकती तळहातावर घेतली आणि आपल्या बोलीतच सुरुवात केली, "हे पाहा, हे असं धरा. चिमूट नका घेऊ, फाटते. कडेनं उचला." पहिल्या बाकावरच्या मुलीला तिने पुढे बोलावलं, तिच्या हातावर चकती ठेवली, काढून दाखवली, आणि मग एकेकाला बोलावून करायला लावलं. कोणी दुमडून ठेवली, कोणी पाडली. एका उंच मुलाला तिने सांगितलं, "तू दरवाजा उघडल्यासारखा खेचू नको गा, पेशंटचा हात होय." वर्ग हसला. कुणीतरी विचारलं, जखम खोल असेल तर काय करायचं, आणि ती सांगत सुटली. दहा मिनिटं कधीच होऊन गेली. घंटा झाली तरी मुलं टेबलाभोवती उभीच होती, आणि मागे भिंतीशी प्रेमलता हात बांधून ऐकत होती.

बाहेर रुपराव सायकल घेऊन उभा होता. दोघं रसवंतीपाशी थांबले. त्याने दोन ग्लास रस घेतला, आलं-लिंबू टाकून.

"कसं झालं?"

"पुढच्या शुक्रवारी पुन्हा बोलावलं," जयवंता म्हणाली. "दुसरी तुकडी हाय."

"मंग?"

"मंग काय, हिरवी साडी इस्तरीले द्या उद्या."